‘बोलावलं की यायचं’ म्हणाले, कागद मात्र एकही नाही

पत्र:

वकीलबाई, नमस्कार. आमचा गाव वेंगुर्ला तालुक्यात, खाडीच्या कडेला. मुलगा 21 वर्षांचा आहे, आयटीआय झालाय आणि आता बोटीवर जायचं म्हणून सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक), पासपोर्टची खटपट चाललीय. परवा रात्री साडेनऊला तो आणि त्याचे तीन मित्र जेटीवर बसलेले, पोलिसांची गाडी आली. नावं विचारली, आधारकार्डाचे आणि एकेकाला उभं करून चेहऱ्याचे फोटो मोबाईलमध्ये काढले. स्कूटीच्या डिकीत कोयता मिळाला म्हणून चौघांनाही ठाण्यात नेलं आणि रात्री दीडपर्यंत बसवून ठेवलं. त्यातल्या एका मित्रावर गोव्याच्या दारूची केस आहे. ‘तुमची गँग आहे, मोक्का लावीन’ असं एकजण म्हणाला म्हणे. मागे वाढदिवसाला ह्यांनी कोयत्याने केक कापलेला, त्याची रीलपण दाखवली. कोऱ्या कागदावर सही घेतली, हातात कागद एकही दिला नाही, घरी फोनपण केला नाही आणि ‘बोलावलं की यायचं, गाव सोडायचा नाय’ सांगून सोडलं. त्याचे वडील म्हणतात मुंबईला मामाकडे पाठवून देऊया. माझो झिल तसो नाय ओ. पोलिसांना असा अधिकार असतो काय? परत बोलावलं तर पाठवू की नको? आणि त्याच्या पासपोर्टचं काय?
— एक आई

ताई,

आधी एक सांगते म्हणजे पुढचं वाचताना जीव थाऱ्यावर राहील. तुमच्या मुलावर गुन्हा दाखल झालाय असं ह्या पत्रात कुठेच दिसत नाही. रस्त्यात थांबवणं, नावगाव विचारणं, चौकशीला बोलावणं आणि अटक करणं ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, प्रत्येकीला पोलिसांचा अधिकार वेगळा नि आपली जबाबदारीपण वेगळी. गडबड कुठे होते, तर पोलीस नुसती चौकशी करत असतात पण वागतात अटक केल्यासारखे, आणि आपण घाबरून अटक झाली असंच धरून चालतो. नक्की काय चाललंय हे ओळखायची खूण एकच, कागद. कुठल्या कलमाखाली, कोणाच्या सहीने, किती तारखेला. तुमच्या मुलाच्या हातात एक चिठोरासुद्धा दिलेला नाही आणि उलट त्याचीच सही कोऱ्या कागदावर घेतली, ह्यातच सगळी गोम आहे.

आता जेटीवरचं बघूया. रात्री गस्तीची गाडी थांबून चार पोरांना ‘कोण रे तुम्ही, खयचे’ विचारते ह्यात बेकायदा काहीच नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर तर ते होणारच. 1993 ला शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, 2008 ला मुंबईवरचा हल्ला समुद्रातून झाला, ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला बंदुका असलेली बेवारस बोट लागली, त्याच्या पुढच्या वर्षी दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. त्यात आपला जिल्हा गोव्याला चिकटलेला, म्हणजे बांदा-इन्सुली काय नि सातार्डा-आरोंदा काय, ‘गोवा बनावटीची दारू पकडली’ ही बातमी पेपरात सारखी असतेच. त्यामुळे रात्री जेटीवर बसलेल्या पोरांकडे पोलीस बघणार, विचारणार, त्याचा राग धरून उपयोग नाही. नावगाव विचारलं तर सरळ सांगावं. खोटं नाव तर अजिबात नको, किरकोळ गुन्हा पोलिसासमोर घडला आणि नाव सांगितलं नाही किंवा खोटं सांगितलं तर तेवढ्यावरून पकडता येतं, बीएनएसएस म्हणजे नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम 39. हा कायदा 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलाय, त्यामुळे गावातला कोणी जाणकार तुम्हाला अजून 41-अ, 160, 151 असले जुने नंबर सांगत असेल तर समजून घ्या. ‘चला उठा, घरी जा’ म्हणाले तरी उठावं, तिथे वाद घालू नये, कलम 172 मध्ये पोलिसांची कायदेशीर सूचना पाळायचं बंधन आता सरळ लिहिलेलं आहे आणि न पाळणाऱ्याला बाजूला नेता येतं. गाडी चालवत असला तर युनिफॉर्ममधल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवायलाच लागतं, डिजिलॉकरमधलं चालतं. पण आधारकार्ड खिशात ठेवून फिरलंच पाहिजे असा काही कायदा नाही हां.

एक मधलंच. ही पोरं इन्स्टावर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात नि तिथला तो ‘मला अडवताय की मी जाऊ शकतो’ वाला डायलॉग इथे हवालदारासमोर मारायला जातात. अमेरिकेत 1968 च्या टेरी निकालाने पोलिसांना संशयावरून थोडा वेळ थांबवून वरवर चाचपायची मुभा दिली, त्यावर तिथे पन्नास वर्षं नुसती भांडणं चाललीत. शिकागोत तर 1992 ला असा नियम केलेला की गँगवाल्यांपैकी असावा असं वाटणारा कोणी चौकात रेंगाळताना दिसला तर पोलिसांनी सगळ्यांना हटायला सांगायचं, न हटल्यास अटक. 1999 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण ‘रेंगाळणं’ म्हणजे काय हे सामान्य माणसाला कळणार कसं. वाचायला छान आहे पण आपल्याकडे हे काही लागू नाही. आपल्याकडचं म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायदा 1951, आणि गंमत म्हणजे त्याच्या कलम 55 मध्ये टोळी पांगवायचा अधिकार दिलेलाच आहे, फक्त तो जेटीवर आलेल्या पोलिसाला नाही, जिल्ह्यात तो दंडाधिकारी किंवा एसपी अशा वरच्या अधिकाऱ्यांचा आहे आणि त्यासाठी लेखी आदेश काढावा लागतो. त्याच कायद्याचं कलम 122 मात्र जागेवरचं आहे, सूर्यास्तानंतर गुन्ह्याच्या इराद्याने हत्यार घेऊन, तोंड झाकून किंवा घरफोडीचं सामान घेऊन सापडला तर.

आणि इथे येतो तो कोयता.

ताई, आपल्याकडे कोयता नाही असं घर दाखवा. नारळ, फाटी, आंब्याच्या बागेतली साफसफाई, सगळं त्याच्यावरच. शस्त्र कायद्याच्या नियमांमध्येसुद्धा 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं धरलीत, पण घरकामासाठी, शेतीसाठी बनवलेली वगळलीत. म्हणून दिवसाढवळ्या बागेत जाताना डिकीत कोयता असला तर त्यात काही नाही. पण रात्री साडेनऊला जेटीवर नारळ कोण सोलतं? त्यात सणासुदीला, निवडणुकीला जिल्ह्यात पोलीस कायदा कलम 37 खाली मनाई आदेश निघत असतो, तेव्हा हत्यारं, दांडे घेऊन फिरायलाच बंदी असते. आणि त्याच्यावर ती केकची रील! कोयत्याने केक कापणं हे पोरांना हिरोगिरी वाटते, पोलिसांना त्याच्यात आयता पुरावा मिळतो. हे मी तुमच्या मुलाला टोचून बोलायला लिहीत नाही, पण उद्या त्याचा वकील ‘कोयता शेतीचा आहे’ असं सांगणार आणि समोरून रील लावली जाणार, एवढं त्याला कळूदे. कोयता पोलिसांनी ठेवून घेतला असेल तर जप्तीचा पंचनामा झाला पाहिजे, आणि आता बीएनएसएसच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंगपण व्हायला पाहिजे. तुमच्या पत्रावरून तसलं काही झालेलं दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आणि ती रील आता घाईघाईने डिलीट करू नका! पुरावा नष्ट केला म्हणून वेगळंच लचांड मागे लागेल. नवीन काही टाकू नये एवढंच.

चेहऱ्याचे फोटो काढले ते. 2022 चा क्रिमिनल प्रोसिजर आयडेंटिफिकेशन कायदा आहे, त्यात फोटो, बोटांचे ठसे वगैरे घ्यायचा अधिकार आहे, पण कोणाचे, तर शिक्षा झालेल्याचे, अटक झालेल्याचे, स्थानबद्ध केलेल्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड द्यायचा आदेश झालेल्याचे. बाकी कोणाचे हवे असतील तर मॅजिस्ट्रेटचा आदेश आणायचा. जेटीवर बसलेल्या पोराला उभं करून हवालदाराच्या खाजगी मोबाईलमध्ये फोटो काढणं ह्याच्यात कुठेच बसत नाही. तिथल्या तिथे हुज्जत घालून फायदा नसतो, पण नंतर लेखी लिहायला पाहिजे, ते खाली सांगते.

आता ठाण्यात साडेनऊ ते दीड. ‘बसवून ठेवलं’ हा प्रकार कायद्यात नाहीये. एक तर माणूस स्वतःहून आलाय आणि उठून जाऊ शकतो, नाहीतर तो ताब्यात आहे. आणि ताब्यात असेल तर मग सगळं लागू होतं, अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, अटकेची कारणं सांगणं, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं. सुप्रीम कोर्टाने 1996 ला डी. के. बसू प्रकरणात हे घालून दिलं, आता ते बीएनएसएसच्या 36, 47, 48, 58 ह्या कलमांमध्ये आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये तर महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. गुन्हा होऊ नये म्हणून आधीच पकडायचा अधिकार कलम 170 मध्ये आहे पण तोही 24 तासांपुरता, आणि त्याचीही नोंद लागते. ह्यातलं तुमच्या मुलाला काही मिळालं नाही, तुम्हाला फोनसुद्धा आला नाही. ठाण्यात सीसीटीव्ही असतो, डिसेंबर 2020 च्या निकालाप्रमाणे त्याचं रेकॉर्डिंग 18 महिने आणि अगदीच नाही तर निदान वर्षभर ठेवायचं असतं, तेव्हा त्या रात्रीचं फुटेज जपून ठेवा असं पत्र जितक्या लवकर जाईल तितकं बरं. नंतर ‘कॅमेरा बंद होता’ हे ऐकायची आम्हाला वकिलांना सवय आहे.

‘मोक्का लावीन’ ह्याचं काय करायचं? हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1999 चा कायदा, त्याखाली गुन्हा नोंदवायच्या आधी डीआयजी दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि कोर्टात जायच्या आधी अतिरिक्त महासंचालक दर्जाची. ठाण्यातल्या एकाच्या मनात आलं म्हणून लागत नाही. शिवाय गेल्या 10 वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल झालेली पाहिजेत, कोर्टाने त्यांची दखल घेतलेली पाहिजे, गुन्हे तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेचे पाहिजेत. नवीन भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये संघटित गुन्हेगारीची व्याख्या जवळपास तशीच आहे. कलम 112 मात्र खालच्या पातळीचं आहे, टोळीने केलेल्या चोऱ्या, जुगार, तिकिटांचा काळाबाजार असल्या गोष्टींना, 1 ते 7 वर्षं.

पण इथे तुम्हाला एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. ही जी दोन आरोपपत्रं लागतात ती प्रत्येक पोरावर वेगवेगळी असायला हवीत असं नाही, टोळीवर असली तरी चालतात, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलेलं आहे. म्हणजे ‘माझ्यावर एकपण केस नाही’ हे ऐकायला बरं वाटतं पण पूर्ण ढाल नाही. तुमच्या मुलाच्या मित्रावर एक दारूची केस आहे, एका केसवरून टोळी होत नाही हे खरं, पण तो मित्र अजून त्या धंद्यात असेल, तुमच्या मुलाची स्कूटी कधी त्याने ‘जरा जाऊन येतो’ म्हणून नेलेली असेल, गुगल पेवरून पैसे इकडून तिकडे झाले असतील, तर ते आजच घरात बसून मुलाला विचारा. ओरडू नका, फक्त विचारा. वकिलाला हे नंतर पोलिसांच्या तोंडून कळण्यापेक्षा आधी तुमच्याकडून कळलेलं चांगलं. मैत्री तोडा असं मी सांगत नाही, एका गावात राहून ते होतपण नाही, पण गाडी, मोबाईल आणि बँक खातं ह्या तीन गोष्टी कोणाच्या हातात द्यायच्या नाहीत.

खरं सांगायचं तर मला मोक्कापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते आणि ती म्हणजे चॅप्टर केस. बीएनएसएस 126, 128, 129 खाली तहसीलदार किंवा प्रांतांकडून नोटीस येते, शांतता राखायचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड द्या म्हणून. पोरं काय करतात, ‘सही करून मोकळा हो’ म्हणून कोणी सांगितलं की करतात सही, आणि मग ते कागद पुढे तडीपारीच्या प्रस्तावाला जोडले जातात. तडीपारी म्हणजे पोलीस कायद्याचं कलम 56, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. त्यालासुद्धा आधी कलम 59 ची नोटीस देऊन बाजू ऐकावी लागते आणि आदेशाविरुद्ध 30 दिवसांत सरकारकडे अपील करता येतं, पण ही सगळी लढाई करण्यापेक्षा पहिल्याच चॅप्टरच्या नोटिशीला वकील घेऊन लेखी उत्तर दिलेलं कधीही स्वस्त पडतं. नोटीस आली की त्याच दिवशी फोन करा.

परत बोलावलं तर पाठवू की नको? पाठवा. नक्की पाठवा, पण रिकाम्या हाताने नको. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर बीएनएसएसच्या कलम 179 चा लेखी आदेश लागतो, संशयित म्हणून बोलवायचं असेल तर 35(3) ची नोटीस. 35(3) ची नोटीस मिळाली आणि तो हजर राहिला तर सहसा अटक होत नाही, करायची झाली तर कारण लिहून ठेवावं लागतं. नोटीस घेऊन गैरहजर राहिला तर मात्र अटकेला कारण मिळालं. वॉट्सअपवर आलेली नोटीस ही रीतसर नोटीस नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्येच सांगितलंय, तरीपण आली तर डोळेझाक करू नका, स्क्रीनशॉट ठेवा नि मला दाखवा. आणि नुसता फोन आला, ‘ये जरा’ म्हणून, तर जाताना एक अर्ज लिहून न्यायचा. साधा, हाताने लिहिलेला चालतो: ‘अमुक तारखेला अमुक वाजता आपण फोनवरून तोंडी बोलावल्याप्रमाणे मी हजर झालो आहे. मला कोणत्या कामी व कोणत्या कलमान्वये बोलावले आहे त्याची लेखी माहिती द्यावी. मी तपासात सहकार्य करण्यास तयार आहे.’ दोन प्रती करायच्या आणि एकीवर आवक शिक्का नि तारीख घ्यायची. देत नसतील तर तिथे भांडायचं नाही, तोच अर्ज ओरोसला एसपी ऑफिसला स्पीड पोस्टने पाठवायचा आणि पावती जपून ठेवायची. त्या पहिल्या रात्रीबद्दलचं पत्रपण असंच एसपींना आजच्या आज जाऊदे, त्यात वेळ, फोटो काढले, कोऱ्या कागदावर सही घेतली आणि सीसीटीव्ही जपून ठेवा ह्या गोष्टी सरळ लिहायच्या, कोणाला शिव्या नकोत की ‘अन्याय झाला’ची मोठी भाषणं नकोत.

चौकशीत जे माहिती आहे ते खरं सांगावं, जे माहिती नाही तिथे ‘माहीत नाही’ म्हणावं, अंदाजाने कोणाचं नाव घेऊ नये. ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू ते द्यायची सक्ती नाही, संविधानाचं कलम 20(3). आणि पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही लागतच नाही, बीएनएसएसचं कलम 181, तेव्हा ‘जबाबावर सही कर’ म्हणाले तर वकिलाला विचारतो म्हणावं. नोटिशीच्या पोचपावतीवर सही वेगळी, ती तारीख नि वेळ घालून करावी. अटक झालीच तर चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे, बीएनएसएसचंच कलम 38, पूर्ण वेळ बाजूला बसवून नाही पण भेटता येतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, 15100 वर फोन करा. अगदीच हाताबाहेर गेलं तर हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला आलंय, आपला जिल्हा त्यात आहे, मुंबईच्या फेऱ्या मारायला नकोत.

‘गाव सोडायचा नाय’ हा तोंडी हुकूम कायद्याने बांधत नाही. कामासाठी, परीक्षेसाठी, लग्नाला तो खुशाल जाऊदे. पण आत्ता रातोरात मामाकडे पाठवणं म्हणजे वेगळं, त्याच्या वडिलांना माझा निरोप द्या की असलं काही करू नका. आज तो साधा संशयित आहे की तेही नाही हे ठरायचंय, उद्या पोलीस दारात आले आणि तो नसला की कागदावर ‘मिळून येत नाही’ असं चढतं, आणि पुढे जामिनाच्या वेळी हेच पाच शब्द वाचून दाखवले जातात… बरं, तीनच शब्द, पण जड पडतात. त्यात पोलीस पाटलांना विचारल्यावर ते खरं सांगणार, त्यांचं ते कामच आहे. कुठे जायचंच असेल तर पत्ता नि फोन नंबर ठाण्याला लेखी कळवून जावं.

पासपोर्टचं टेन्शन घेऊ नका. 1967 च्या पासपोर्ट कायद्यात फौजदारी कोर्टात केस प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, नुसती जेटीवर विचारपूस झाली किंवा ठाण्यात बसवलं म्हणजे कोर्टात केस नव्हे. व्हेरिफिकेशनला पोलीस घरी आले तर जे खरं आहे ते सांगायचं, फॉर्ममध्ये पण खरं लिहायचं. अर्ज केलेला नसेल तर ह्या भानगडीमुळे थांबू नका, भरून टाका.

राहता राहिला त्या पुढाऱ्याचा विषय, पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही लिहिलंय की वाडीतले लोक म्हणतात अमक्या साहेबांचा एक फोन गेला की मिटेल. मिटेलही. पण फोनची नोंद होत नाही आणि तो कोरा सही केलेला कागद ठाण्यातच राहतो, साहेब बदलले, ठाण्यातला अधिकारी बदलला की परत पहिल्यापासून. अर्ज आधी द्या, मग ज्याला फोन करायचा त्याला करा. आणि ठाण्यात जाताना वाडीतली पंधरा माणसं घेऊन जाऊ नका हां, वडील आणि एक वकील पुरेत, बाकीच्यांना घरी चहा करून द्या.